अंगठी आणि अंगठा

साखरपुडा या शब्दात साखर आहे, पुडा आहे, अंगठी नाही. मुलीला कुंकू लावायचं, साडी द्यायची, नारळाने ओटी भरायची, साखरेचा पुडा हातात ठेवायचा आणि चार माणसांसमक्ष लग्न ठरलं असं म्हणायचं, एवढाच तो विधी. अंगठी त्यात मागाहून आली, आणि बहुतेक घरांत ती साधं सोन्याचं वळं असायची. आता विधीचं नावच 'रिंग सेरेमनी' झालं आहे. साखर मागे पडली, अंगठी पुढे आली आणि अंगठीत हिरा आला.

मुळशी तालुक्यात हा बदल फार थोड्या वर्षांत झाला. माण हे हिंजवडीला लागून असलेलं गाव. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा माणच्या शिवारात गेला, आणि शिवाजीनगरहून निघणाऱ्या मेट्रो मार्गाचा डेपोही माणलाच आहे. जिथे पिकं उभी राहत होती तिथे काचेच्या इमारती आल्या. काहींची जमीन एमआयडीसीने संपादन केली, काहींनी बिल्डरला दिली. घरात एकदम पैसा आला. पैसा आला की लग्न मोठं होतं, आणि लग्न मोठं झालं की मुलीच्या बोटात काय आहे याकडे सगळ्यांचं लक्ष जातं.

या परिसरात आणखी एक मुलगी राहते. लातूर, जळगाव किंवा नागपूरहून आलेली, कंपनीत नोकरी करणारी, दोघी-तिघींत फ्लॅट भाड्याने घेतलेली. तिची अंगठी ती आणि तिचा होणारा नवरा मिळून निवडतात, हप्तेही दोघं मिळून भरतात. आणि तिसरी मुलगी त्याच कंपन्यांच्या कँटीनमध्ये किंवा सफाईच्या कंत्राटावर काम करणारी. तिच्या घरात जमीन नव्हतीच, त्यामुळे मोबदलाही नाही. पण 'सगळ्यांकडे असते' म्हणून तिच्याही बापाला कर्ज काढून हिऱ्याची अंगठी करावीशी वाटते. एकाच रस्त्यावरच्या या तीन मुलींसाठी शहाणपणाची खरेदी म्हणजे काय, हा या लेखाचा विषय आहे.

दागिना घालावा की घालू नये, याचा उपदेश करण्यात मला रस नाही. नटण्याची हौस ही काही लाजेची गोष्ट नाही. मला विचारायचंय ते एवढंच: ही अंगठी कोण मागतंय? पैसे कोण देतंय? पावती कुणाच्या नावावर आहे? उद्या अडचण आली तर ती तिच्या उपयोगी पडेल का? आणि अंगठी घालून घेताना तिच्या हातून दुसरं काही निसटतं आहे का?

आधी ही रूढी आली कुठून ते पाहू. साखरपुड्याला हिरा हवाच, असं आपल्या कोणत्याही शास्त्रात किंवा लोकरीतीत नव्हतं. उलट हिरा सगळ्यांना 'लाभत' नाही, ही आपल्याकडची जुनी भीती. युरोप-अमेरिकेत वाङ्निश्चयाला अंगठी देण्याची पद्धत जुनी आहे, पण ती हिऱ्याचीच हवी ही समजूत बऱ्याच अंशी जाहिरातीने पक्की केली. डी बीअर्स या हिऱ्यांच्या व्यापारातल्या बलाढ्य कंपनीसाठी अमेरिकेतल्या एका जाहिरात संस्थेने 'हिरा चिरंतन आहे' या अर्थाचं घोषवाक्य १९४७ मध्ये तयार केलं. ते लिहिणारी एक स्त्रीच होती, फ्रान्सिस गेरेटी. पुढे १९८० च्या दशकात नवऱ्या मुलाने अंगठीवर दोन महिन्यांचा पगार खर्च करावा, असंही जाहिरातींनीच सुचवलं. जपानमध्ये तर अशी काही परंपराच नव्हती. तिथे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचार सुरू झाला आणि १९८१ पर्यंत निम्म्याहून अधिक नवऱ्या मुली हिऱ्याची अंगठी घालू लागल्या. जी रूढी पंधरा वर्षांत उभी करता येते तिला 'आपल्यात असंच असतं' असं म्हणण्याआधी थोडं थांबायला हवं.

आता सोन्याबद्दल. आपल्या आज्या-पणज्यांचा सोन्याचा सोस आपण थट्टेवारी नेतो, पण त्यामागे एक हिशोब होता. बाईच्या नावावर जमीन नसायची, घर नसायचं, बँकेत खातं नसायचं. अंगावरचं सोनं हीच तिची ठेव. बाळंतपण, दवाखाना, मुलांची फी, पेरणीच्या वेळची चणचण, प्रत्येक वेळी पाटल्या नाही तर मोहनमाळ सोनाराकडे गेली आहे. मराठीत सोनं 'मोडतात'. या एका क्रियापदात दागिन्याचं सगळं अर्थशास्त्र आहे. वजन करायचं, घट वजा करायची, त्या दिवसाच्या भावाने पैसे घ्यायचे.

हिरा असा मोडता येत नाही. त्याला सोन्यासारखा रोज वर्तमानपत्रात छापून येणारा एकच भाव नसतो, कारण दोन हिरे सारखे नसतात. विकायला गेलं की घेतलेल्या किमतीपेक्षा बरेच कमी पैसे हाती येतात, आणि ज्या दुकानातून घेतला ते सोडून दुसरं दुकान बहुधा दारातच उभं करत नाही. गहाण ठेवायला गेलं तरी तेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दागिन्यावर कर्ज देताना फक्त त्यातल्या सोन्याची किंमत धरायची असते. खड्यांची, मजुरीची नाही. म्हणजे लाखाची अंगठी घेऊन बाई पतसंस्थेत गेली, तर तिच्या अंगठीतल्या तीन-चार ग्रॅम सोन्याचाच हिशोब होणार. ज्या हौसेचे पैसे परत येणार नाहीत ती हौस म्हणूनच करावी. तिला 'मुलीच्या भविष्याची तरतूद' म्हणू नये. तरतूद करायची असेल तर ती वेगळी करावी.

हे समजूनही हिरा घ्यायचा असेल, तर मग डोळे उघडे ठेवून घ्यावा. दुकानात गेल्यावर बोलणं पुरुषांकडे सोपवून बायका फक्त डिझाइन बघतात. हे आधी बदलायला हवं.

हिऱ्याचं वजन कॅरटमध्ये मोजतात. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि एका कॅरटचे १०० सेंट. सोन्याची शुद्धता सांगतानाही कॅरट हाच शब्द वापरतात, त्यामुळे घोटाळा होतो, दोन्ही वेगळे. हिऱ्याच्या अंगठीचं सोनं बहुधा १८ कॅरटचं असतं, म्हणजे त्यात ७५ टक्के सोनं, आणि त्यावर ७५० हा आकडा उमटवलेला असतो. १४ कॅरट असेल तर ५८५. बावीस कॅरटच्या भावाने पैसे लावलेले नाहीत ना, हे पावतीवर पाहावं.

हॉलमार्कबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा 'एचयूआयडी' क्रमांक लागतो, आणि तो 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येतो. पण हॉलमार्क सांगतो ते सोन्याबद्दल. हिरा खरा आहे की खोटा, चांगला की सुमार, याबद्दल तो एक अक्षरही बोलत नाही. त्यासाठी जीआयए किंवा आयजीआय यांसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागावं. त्यात वजन, रंग, स्वच्छता आणि पैलू या चार गोष्टी लिहिलेल्या असतात. पुष्कळदा प्रमाणपत्राचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो. दुकानदाराकडून भिंग घेऊन तो स्वतः वाचावा. दुकानाने आपल्याच छापील कागदावर लिहून दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे स्वतःच्या मुलाला स्वतःच दिलेली शाबासकी.

रंगाची प्रत इंग्रजी 'डी' अक्षरापासून सुरू होऊन 'झेड'पर्यंत उतरते. 'जी' किंवा 'एच' रंगाचा हिरा अंगठीत बसवल्यावर साध्या डोळ्यांना पांढराच दिसतो. स्वच्छतेचंही तसंच: भिंगातून दिसणाऱ्या बारीक डागासाठी हजारो रुपये जास्त मोजण्यात अर्थ नाही, कारण आपल्याकडे कुणी भिंग घेऊन हळदीकुंकवाला येत नाही. हिरा चमकतो तो मुख्यतः पैलूंमुळे, म्हणून पैलूंची प्रत चांगली असावी. आणखी एक: अर्धा कॅरट, एक कॅरट अशा पूर्ण आकड्यांना किंमत एकदम चढते. पन्नास सेंटऐवजी पंचेचाळीस सेंट घेतला तर पाहणाऱ्याला फरक कळत नाही, खिशाला मात्र कळतो.

प्रयोगशाळेत तयार केलेले हिरे आता सगळीकडे मिळतात. सुरतेत त्यांचा मोठा उद्योग उभा राहिला आहे. ते अमेरिकन डायमंडसारखे नकली नव्हेत. रासायनिकदृष्ट्या तो हिराच असतो, नुसत्या डोळ्यांनी फरक ओळखता येत नाही, आणि किंमत खाणीतल्या हिऱ्याच्या मानाने खूपच कमी असते. मात्र गेल्या काही वर्षांत त्यांचे भाव कोसळले आहेत, त्यामुळे ते परत विकून काही मिळेल ही आशा धरू नये. घालायला हौस म्हणून उत्तम. मात्र खाणीतला म्हणून प्रयोगशाळेतला गळ्यात मारला जाऊ नये, म्हणून कोणता ते पावतीवर लिहून घ्यावं.

आणि पावती पक्की घ्यावी. तिच्यावर सोन्याचं निव्वळ वजन, शुद्धता, भाव, मजुरी, हिऱ्याचं वजन आणि प्रत, हिऱ्याची किंमत आणि ३ टक्के जीएसटी, हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं असावं. खड्यांसकट वजन करून सगळ्याला सोन्याचा भाव लावणं ही जुनीच युक्ती आहे. परत घेताना किती टक्के देणार, हेही तोंडी नको, लेखी हवं. हात भाकरी थापणारा, धुणं धुणारा किंवा मशीनवर काम करणारा असेल, तर हिरा उंच उचललेला न घेता खोल बसवलेला घ्यावा; उंच हिरा कपड्यांत अडकतो आणि एक दिवस कुठेतरी पडून जातो.

इथपर्यंत झाली दुकानातली गोष्ट. यानंतरची घरातली आहे, आणि ती जास्त महत्त्वाची आहे.

साखरपुड्यात अंगठ्या दोन असतात. मुलीची मुलाकडून येते, मुलाची मुलीकडून जाते. दुसऱ्या अंगठीबद्दल आपण फारसं बोलत नाही. 'आम्हाला काही नको, फक्त आमच्याकडे साखरपुड्याला हिरा असतो', हे वाक्य ऐकलं नाही अशी कार्यकर्ती मुळशीत सापडणार नाही. हा आग्रह नसतो, ही मागणी असते. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात लग्नाच्या संदर्भात लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर मागितलेली मौल्यवान वस्तू हुंड्यातच मोडते. रोख रकमेलाच हुंडा म्हणतात, हा समज खोटा आहे. साखरपुड्याच्या अंगठीत मागणी चालून गेली की लग्नात गाडी येते, आणि लग्नानंतर 'जमीन विकलीत ना, मग दोन कोटी कुठे गेले?' हा प्रश्न येतो.

हे कुठवर जाऊ शकतं ते आपण याच तालुक्यात पाहिलं आहे. मे २०२५ मध्ये भुकूम गावातल्या एका तरुण सुनेचा मृत्यू झाला. लग्नात ५१ तोळे सोनं, चांदीची भांडी आणि फॉर्च्युनर गाडी दिली होती आणि तरीही पैशांसाठी छळ झाला, अशी तक्रार तिच्या माहेरच्यांनी केली आणि सासरच्या माणसांना अटक झाली. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पण त्या दिवसांत मुळशीच्या गावोगावच्या बायका एकमेकींना जे विचारत होत्या ते विसरायला नको: एवढं देऊनही मुलगी सुखी होत नसेल, तर आपण नेमकं कशासाठी देतो?

अंगठी घातल्यावर ती कुणाची? कायद्याचं उत्तर सरळ आहे. लग्नाआधी, लग्नात वा नंतर बाईला मिळालेली भेट हे तिचं स्त्रीधन. प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलं की, ते सासरच्यांच्या ताब्यात असलं तरी मालकी तिचीच. परत दिलं नाही तर तो फौजदारी विश्वासघात ठरतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात. पण न्यायालयात गेल्यावर पहिला प्रश्न येतो पुराव्याचा. दागिने सासूच्या कपाटात, पावती सासऱ्याच्या किंवा बापाच्या नावावर, आणि हातात फक्त लग्नाचे फोटो, अशी आपल्याकडे येणाऱ्या किती जणींची स्थिती असते!

यावर उपाय कायद्यातच आहे आणि आपण तो वापरत नाही. १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नात मुलीला आणि मुलाला मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची असते: वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, शेवटी दोघांच्या सह्या. जेवणावळीच्या आहेराची वही आपण पै-पैसा लिहून ठेवतो, कारण तो फेडायचा असतो. मुलीच्या दागिन्यांची मात्र यादी करायची म्हटलं की 'आत्ताच अविश्वास?' म्हणतात. यादी हा अविश्वास नव्हे. अंगठीची पावती मुलीच्या नावावर, प्रमाणपत्र तिच्या ताब्यात, त्याचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये आणि लॉकर तिच्या नावावर, एवढं साखरपुड्याच्या आठवड्यातच करून घ्यावं.

आता माणसारख्या गावातली सगळ्यात नाजूक गोष्ट. जमिनीचा व्यवहार ठरला की घरात बहिणींची आठवण होते. साडीचोळी येते, जेवणाचं आमंत्रण येतं, आणि जेवण झाल्यावर हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. आता पैसा वाढला म्हणून साडीचोळीच्या जागी तोळा-दोन तोळे सोनं आलं, हिरा आला. 'तुझं लग्न थाटात केलं, हिऱ्याची अंगठी घातली, आता तुझा काय राहिला वाटा?' हे वाक्य भाऊ रागाने म्हणत नाही, प्रेमाने म्हणतो. म्हणून तर ते तोडणं अवघड जातं. 'भाऊ तुटेल, माहेर तुटेल' या भीतीने ती सही करते. आई सहीऐवजी अंगठा उठवते.

पण जरा विचार करा. बिल्डरच्या वकिलाला बहिणीची सही का लागते? हक्क नसता तर सही कुणी मागितली असती? महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हिस्सा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्याने तो लग्न झालेल्या लेकींनाही मिळाला. २००५ साली वडील हयात नसले तरी हा हक्क जात नाही, हे विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. लग्नात दिलेला दागिना, केलेला खर्च किंवा घातलेली अंगठी यांनी हा हिस्सा फिटत नाही. अंगठी ही भेट आहे, हिस्सा हा हक्क आहे. एकाच्या बदल्यात दुसरं असा सौदा कायद्यात कुठेच लिहिलेला नाही. मात्र नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्रावर एकदा सही झाली की ते फिरवणं फार कठीण असतं. म्हणून कागद वाचल्याशिवाय, आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवल्याशिवाय आणि चार दिवस विचार केल्याशिवाय सही करू नये. वाटा सोडायचा असेल तरी किती सोडतो आहोत, हे कळून सोडावा.

जमिनीचा प्रश्न बाईचा आहे, हे मुळशीला शिकवायला नको. १९२१ साली धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा सेनापती बापटांच्या सत्याग्रहात मावळातल्या बायका उतरल्या होत्या. पुढे शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने १९८६ मध्ये चांदवडला हजारो बायका जमवल्या, आणि त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. त्या बायकांना कुणी हिरा दिला नव्हता. सातबाऱ्यावर नाव लागल्याचा आनंद मात्र त्यांनी अनुभवला.

तर मग शहाणपणाची खरेदी कोणती? कंपनीतल्या मुलीने अंगठीवर दोन महिन्यांचा पगार घालण्याआधी पुढच्या घराच्या करारावर आपलं नाव आहे का ते पाहावं; महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळू लागली. गावातल्या मुलीने अंगठीच्या आधी सातबारा मागावा. तो संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतो. आणि ज्या घरात जमीन नाही त्या घरातल्या मुलीने कर्जाच्या अंगठीला सरळ नाही म्हणावं. साखर आणि साडी अजूनही पुरते, आणि कर्जाचे हप्ते भरायला शेवटी तिच्याच आईच्या घरकामाच्या पगारातून पैसे जातात.

गटांसाठी एक सुचवते. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. त्याआधी प्रत्येक गटाने आपल्या गावात एक दुपार यासाठी ठेवावी. एक पक्की पावती, एक हिऱ्याचं प्रमाणपत्र, भेटींच्या यादीचा कोरा नमुना, एक सातबारा आणि एक हक्कसोडपत्र, एवढे पाच कागद बायकांच्या हातात द्यावेत आणि मोठ्याने वाचून घ्यावेत. मुलींना बोलवा, त्यांच्या आयांना बोलवा, आणि जमलं तर भावांनाही बोलवा. कागद वाचणारी मुलगी अंगठी घालो की न घालो, तिचा अंगठा कुणाला फुकट मिळणार नाही.